लाल औषध, हृदय आणि पहिला महिना

प्रश्न थोडक्यात असा आहे. ३६ वर्षांच्या भावाला एएमएल, म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग, असल्याचे गेल्या आठवड्यात कळले. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६२ किलो, आजवर कसलाही आजार नाही, टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला आहे. डॉक्टरांनी ‘सात अधिक तीन’ सांगितले आहे, म्हणजे सात दिवस सायटाराबिन आणि तीन दिवस लाल औषध, आणि ते लाल औषध डॉनोरुबिसिन आहे. ‘त्याने हृदय कायमचे निकामी होते’ असे एका नातेवाइकाने सांगितल्यापासून घरात कोणाला झोप नाही. संमतिपत्रावर सही करावी का? याहून सौम्य असे दुसरे काही आहे का?

ताई, सही करा, आणि ती लांबवू नका. मी रक्तविकारांवर उपचार करते आणि वीसहून अधिक वर्षे हे औषध रुग्णांना देत आले आहे. हृदयाची भीती खोटी नाही. पण तुमच्या घरात ती नको त्या वेळी येऊन बसली आहे. या औषधाचे धोके एकदम येत नाहीत. पहिला धोका औषध शिरेत जात असतानाच्या काही मिनिटांचा. दुसरा त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांचा, जंतुसंसर्गाचा. हृदयाचा धोका बहुतेकांच्या बाबतीत पुढच्या वर्षांचा असतो. सगळी जागरणे तिसऱ्यासाठी झाली, तर दुसऱ्याच्या वेळी घरचे थकलेले असतात. आणि पहिल्या महिन्यात जे रुग्ण आम्ही गमावतो, ते बहुतेक त्या दुसऱ्या धोक्यापायीच.

आधी हे औषध आहे तरी काय, ते सांगते. इटलीच्या दक्षिणेला आपुलिया प्रांतात कास्तेल देल मोन्ते नावाचा तेराव्या शतकातला किल्ला आहे. १९५०च्या दशकात फार्मितालिया या मिलानच्या कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्या किल्ल्याजवळच्या मातीतून एक सूक्ष्मजीव वेगळा काढला, स्ट्रेप्टोमायसिस प्युसेटियस. तो लालभडक रंगद्रव्य तयार करी आणि ते द्रव्य कर्करोगाच्या पेशींना मारी. त्याच सुमारास फ्रान्समध्येही स्वतंत्रपणे हेच द्रव्य सापडले. त्या भागात प्राचीन काळी राहणारी दाउनी ही जमात आणि फ्रेंचमधला माणकासाठीचा शब्द ‘रुबी’, असे जोडून डॉनोरुबिसिन हे नाव पडले. म्हणजे त्याचा लाल रंग मुद्दाम घातलेला नाही, त्या रेणूचाच आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत भावाची लघवी लालसर होईल ती याच रंगामुळे. ‘लघवीतून रक्त जातंय’ असे सांगत रात्री दोन वाजता धावत आलेले कितीतरी नातेवाईक मी पाहिले आहेत. हे आधीच माहीत असलेले बरे.

पेशी एकाच्या दोन होताना डीएनएचा पीळ उलगडावा लागतो. टोपोआयसोमरेज-२ नावाचे विकर (एन्झाइम) त्याचे दोन्ही धागे कापते, पीळ सोडवते आणि धागे पुन्हा जोडते. डॉनोरुबिसिन डीएनएच्या पायऱ्यांमध्ये घुसून बसते आणि कापलेले धागे जोडू देत नाही. तुटलेल्या डीएनएची पेशी जगत नाही. ल्युकेमियाच्या पेशी सतत विभागत असल्यामुळे त्यांना हा मार जास्त बसतो. पण बोन मॅरोमधल्या निरोगी पेशी, केसांची मुळे, तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर हेही सतत विभागत असतात. रक्तपेशींचे काउंट पडणे, केस गळणे, तोंड येणे हे सगळे त्यातून येते.

मग हृदयाचे काय? हृदयाच्या पेशी तर जवळजवळ विभागतच नाहीत. फार वर्षे असे मानले जाई की हे औषध लोहाच्या साथीने घातक ऑक्सिजन-कण तयार करते आणि ते हृदयाचे स्नायू जाळतात. त्यात तथ्य आहे, पण ती पूर्ण गोष्ट नाही. या विकराचे दोन प्रकार आहेत. अल्फा हा विभागणाऱ्या पेशींत असतो, बीटा हृदयाच्या पेशींतही असतो. २०१२ मध्ये उंदरांवर झालेल्या एका महत्त्वाच्या प्रयोगात हृदयाच्या पेशींतला बीटा काढून टाकला, तेव्हा याच जातीच्या डॉक्सोरुबिसिनपासून हृदय बरेचसे वाचले. म्हणजे जे शस्त्र ल्युकेमियावर चालते, त्याचेच दुसरे पाते हृदयाला लागते. आणि मॅरो पुन्हा भरून येतो तसे हृदयाचे होत नाही. आज लागलेला थोडा मार तिथेच राहतो आणि पुढच्या डोसचा मार त्यात मिळवला जातो. म्हणून या औषधाचा आयुष्यभराचा हिशोब ठेवावा लागतो.

तो हिशोब तुमच्या भावासाठी करून दाखवते, कारण भीतीला आकडा मिळाला की ती हाताळता येते. डोस शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो. १६८ सेंटिमीटर आणि ६२ किलो म्हणजे साधारण १.७ चौरस मीटर. डॉनोरुबिसिन आज बहुतेक ठिकाणी दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम असे तीन दिवस देतात. म्हणजे रोज सुमारे १०२ मिलिग्रॅम, बहुधा १०० धरतील आणि २० मिलिग्रॅमच्या पाच कुप्या मागवतील. तीन दिवसांची बेरीज दर चौरस मीटरला १८०. प्रौढ माणसाने जन्मभरात ओलांडू नये असा आकडा ५५० आहे; छातीला रेडिएशन झालेले असेल तर ४००. पहिल्या फेरीत आजार हटला नाही आणि पूर्ण इंडक्शन, म्हणजे ही पहिली फेरी, पुन्हा द्यावे लागले, तरी बेरीज ३६० होते. पुढच्या कन्सॉलिडेशनच्या, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून दिलेल्या, फेऱ्या बहुतेक ठिकाणी फक्त जास्त मात्रेच्या सायटाराबिनच्या असतात, त्यांत हे औषध नसते.

तुमच्या नातेवाइकांनी जे ऐकले ते बहुधा डॉक्सोरुबिसिनबद्दलचे असावे. स्तनाच्या कर्करोगात अनेक महिने चालणारे हे याच जातीचे औषध. २००३ मध्ये जुन्या चाचण्यांच्या रुग्णांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हृदय कमकुवत पडण्याचे प्रमाण दर चौरस मीटरला एकूण ४०० मिलिग्रॅमला सुमारे ५ टक्के, ५५० ला २६ टक्के आणि ७०० ला ४८ टक्के आढळले. आकडा कसा चढतो ते बघा. सुरुवातीला हळूहळू आणि मग एकदम कड्यासारखा. तुमचा भाऊ १८० वर, म्हणजे त्या कड्याच्या बराच अलीकडे उभा असेल. शिवाय मिलिग्रॅमला मिलिग्रॅम धरले तर डॉनोरुबिसिन हृदयाला डॉक्सोरुबिसिनपेक्षा थोडे सौम्य समजतात. १८० ला धोका शून्य असतो असे मी म्हणणार नाही. काहींना कमी बेरजेतही त्रास होतो. लहान मुले, साठीपुढची माणसे, आधीपासून रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले, यांच्या बाबतीत आम्ही जास्त जपतो. यातले काहीही तुमच्या भावाला नाही.

‘हृदय वाचवणारे औषध सोबत देता येत नाही का?’ हा पुढचा प्रश्न येतो. डेक्सरॅझोक्सेन नावाचे औषध आहे आणि ते खरोखर काम करते. मोठी बेरीज होणार असते तिथे, आणि अलीकडे मुलांच्या ल्युकेमियातही, ते वापरले जाते. १८० मिलिग्रॅमच्या प्रौढ रुग्णाला ते सरसकट दिले जात नाही, आणि मीही देत नाही.

आता पहिल्या धोक्याकडे येते, कारण तो उद्याच आहे. हे औषध शिरेच्या आत राहिले पाहिजे. सुई सरकून ते बाहेर मांसात उतरले तर कातडी आणि खालचा भाग जळतो; जखम आठवडेच्या आठवडे वाढत जाते आणि कधी कातडीचे रोपण करावे लागते. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी शून्याकडे चाललेल्या माणसाला अशी जखम होणे किती वाईट, हे वेगळे सांगायला नको. अनेक वर्षांपूर्वी मी तरुण डॉक्टर असताना एका वॉर्डात हाताच्या मागच्या बारीक शिरेतून हे औषध दिले गेले. बाई ‘आग होतेय’ म्हणत होत्या आणि ‘थोडी आग होतेच’ असे त्यांना सांगितले जात होते. ते सांगणाऱ्यांत मीही होते. त्यांचा तो हात पुढे कधी पूर्ण वळला नाही. तेव्हापासून माझा नियम एकच: शक्यतो सेंट्रल लाइन किंवा पिक लाइन असल्याशिवाय लाल औषध नको. सायटाराबिन सात दिवस अहोरात्र चालते, त्यामुळे ती लाइन तशीही लागतेच. ती गळ्याच्या किंवा दंडाच्या मोठ्या शिरेत घालतात आणि एक्स-रे काढून टोक कुठे आहे ते पाहतात. नाइलाजाने हाताच्या शिरेतून द्यायचे झाले तर चालू सलाइनच्या धारेतून, सिस्टर शेजारी उभ्या असताना, सावकाश. भावाला सांगून ठेवा की जराशी आग, सूज, ओढ जाणवली की लगेच बोलायचे, कोणाची भीड धरायची नाही. औषध तत्काळ थांबवले, सुई काढण्याआधी जमेल तितके परत ओढून घेतले, बर्फाने शेकले आणि सहा तासांच्या आत डेक्सरॅझोक्सेन सुरू केले तर हात वाचू शकतो. इथे ते हृदयासाठी नव्हे, या जखमेसाठी वापरतात.

आणखी एक गोष्ट औषध सुरू होण्यापूर्वीची. भावाला पुढे मूल हवे असेल तर वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल आजच विचारा. आईवडिलांसमोर हा विषय काढायला संकोच वाटतो म्हणून तो राहून जातो आणि दोन वर्षांनी तोच तरुण मला विचारतो, ‘तेव्हा कोणी का सांगितलं नाही?’

आता दुसरा धोका. तीन दिवस लाल औषध आणि सात दिवस सायटाराबिन संपले की घरच्यांना वाटते, झाले एकदाचे. खरे तर तिथून सुरुवात होते. दुसऱ्या आठवड्यात काउंट तळाला जातात आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वर येऊ लागतात. मधल्या दिवसांत भावाच्या अंगात जंतूंशी लढणारे सैन्य जवळजवळ नसेल. तोंड आलेले, आतड्याचे अस्तर झिजलेले. आतड्यातले स्वतःचेच जंतू रक्तात उतरतात. आपल्या देशात या जंतूंनी बरीच अँटिबायोटिक्स पचवली आहेत, क्लेब्सिएलासारख्या जंतूंवर तर कार्बापेनेमसारखे जोरदार अँटिबायोटिकही चालेनासे झाले आहे. त्यात बुरशीचा फुप्फुसातला संसर्ग. पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा आपल्याकडे पहिल्या महिन्यातले मृत्यू जास्त होतात, त्याचे मोठे कारण हे आहे.

म्हणून या दिवसांत ताप म्हणजे तातडी. थर्मामीटरवर ३८.३ अंश सेल्सिअस, म्हणजे १०१ फॅरनहाइट, एकदा दिसले किंवा ३८ अंश तासभर टिकले, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात शिरेतून गेला पाहिजे. क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. थंडी वाजून आली, बोलण्यात गोंधळ वाटला, लघवी कमी झाली, तर ताप नसला तरी सिस्टरला उठवा. रात्री भावाजवळ जो थांबेल त्याला हे पाठ असायला हवे. तुमच्या घराने जागायचे ते या रात्रींना.

खाण्याबद्दल: घरी शिजवलेले, गरम, ताजे. उसाचा रस, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळे, चटण्या, कोशिंबिरी काही दिवस नकोत. प्लेटलेट वाढाव्यात म्हणून पपईच्या पानांचा रस आणि ताकद यावी म्हणून गुळवेलीचा काढा आणणारे कोणीतरी भेटेलच. त्यांची माया खरी असते. पण डॉनोरुबिसिन शरीराबाहेर टाकण्याचे मुख्य काम यकृत करते. बिलिरुबिन वाढलेले असेल तर आम्हाला डोस पाव ते अर्धा कमी करावा लागतो, नाहीतर औषध अंगात साचते. कोविडच्या काळात गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी केली होती. या महिन्यात यकृतावर एकही जास्तीचे ओझे नको. काढा आणलाच, तर तो भावाला न देता डॉक्टरांना दाखवा.

रक्त आणि प्लेटलेट बऱ्याच लागतील, मित्रमंडळींची यादी आजच करा. पण ताई, तुम्ही स्वतः त्या यादीत नाव घालू नका. भावाला पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागला तर सख्ख्या भावंडाचे एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि ते भावंड तुम्ही असू शकता. तुमचे रक्त आधीच त्याला चढवले तर त्याचे शरीर तुमच्या पेशींविरुद्ध तयार होऊ शकते. आईवडिलांनीही देऊ नये. मदत करण्याची घाई सगळ्यांत जास्त तुम्हालाच असेल, आणि थांबायचेही तुम्हालाच आहे, हे अवघड आहे याची मला कल्पना आहे.

याच आठवड्यांत कधी धाप लागते आणि घरचे म्हणतात, ‘बघा, हृदय गेलं.’ बहुतेक वेळा कारण दुसरेच असते: पिशव्यांमागून पिशव्या गेल्याने साचलेले पाणी, न्यूमोनिया किंवा रक्तातला जंतुसंसर्ग. जंतुसंसर्गातही हृदयाचे पंपिंग तात्पुरते उतरते आणि संसर्ग आटोक्यात आल्यावर पुन्हा चढते. म्हणून रोज सकाळी वजन करायला लावा. एका दिवसात किलो-दीड किलो वाढले तर राउंडला सांगा. बुरशीविरोधी औषधे, उलटीची इंजेक्शने आणि कमी झालेले पोटॅशियम हे तिन्ही मिळून हृदयाची लय बिघडवू शकतात. पोटॅशियमकडे आम्ही रोज पाहतो ते यासाठी.

आता सौम्य पर्यायाबद्दल. ‘सात अधिक तीन’ ही जोडी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोच्या रॉझवेल पार्क संस्थेतून पुढे आली आणि पन्नास वर्षे टिकून आहे. तेव्हा डॉनोरुबिसिनची मात्रा ४५ होती. २००९ मध्ये साठ वर्षांपर्यंतच्या रुग्णांत ४५ आणि ९० यांची तुलना झाली. रेमिशन, म्हणजे आजार दिसेनासा होण्याचे प्रमाण, ५७ टक्क्यांवरून ७१ वर गेले आणि आयुष्याचा मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण जितके जगले तो काळ, १५.७ महिन्यांवरून २३.७ वर. मग ब्रिटनमध्ये ६० आणि ९० समोरासमोर ठेवले. ९० ने जास्त काही दिले नाही, उलट पहिल्या साठ दिवसांत मृत्यू जास्त झाले. म्हणून ६०. ‘हृदयासाठी थोडं कमी द्या’ अशी विनंती मला दर महिन्याला कोणीतरी करते. ४५ वर उतरायचे तर हातचे काय जाते, ते या आकड्यांत दिसते. डॉनोरुबिसिनऐवजी इडारुबिसिन, दर चौरस मीटरला १२ मिलिग्रॅम तीन दिवस, हाही तोडीचा पर्याय आहे. पण तो त्याच कुळातला, हृदयासाठी वेगळा नव्हे.

खरोखर सौम्य म्हणावी अशी जोडी अझासायटिडीन आणि व्हेनेटोक्लॅक्स. वयस्क किंवा इंडक्शन न झेपणाऱ्या रुग्णांत २०२० च्या चाचणीत तिने आयुष्याचा मध्यक ९.६ महिन्यांवरून १४.७ वर नेला. माझ्याकडे येणाऱ्या सत्तरीच्या आजोबांना मी हेच देते. फुप्फुसात आधीच बुरशी घेऊन आलेल्या तरुणालाही कधी यानेच सुरुवात करते, संसर्ग आवरेपर्यंत. तरुणांत ही जोडी ‘सात अधिक तीन’ची जागा घेईल का, यावर काम चालू आहे. तुमच्या भावासारख्या धडधाकट माणसाला मात्र आज मी ‘सात अधिक तीन’च देईन.

एक अपवाद ठसठशीत आहे. अहवालात एपीएल किंवा एम-३ असे लिहिलेले आहे का, ते विचारा. तो एएमएलचाच प्रकार, पण त्यात एट्रा आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड या औषधांनी, पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या आत असतील तर, लाल औषधाशिवाय जवळजवळ सगळे बरे होतात. दुसरे, एफएलटी-३ या जनुकाच्या तपासणीचा निकाल. तो पॉझिटिव्ह असेल तर आठव्या दिवसापासून मिडोस्टॉरिनच्या गोळ्या जोडता येतात. त्या अहवालाचा पाठपुरावा तुम्ही करा, कारण घाईच्या दिवसांत तो लॅबमध्येच पडून राहू शकतो.

शेवटी हृदयाकडे, तिसऱ्या धोक्याकडे परत येते. काही वर्षांपूर्वी चाळिशीची एक बाई माझ्याकडे आली. स्तनाचा कर्करोग झाला होता आणि डॉक्सोरुबिसिन द्यायचे घाटत होते. नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी ‘ब्लड कॅन्सर’साठी ‘लाल सलाइन’ घेतले होते, एवढेच तिला आठवत होते. किती, कोणते, कागद नाही. पुरात घर बुडाले तेव्हा फाइल गेली होती. ५५० मधले किती खर्च झाले ते कळायला मार्ग नव्हता. आम्ही लाल औषध टाळून दुसरी औषधे दिली, आणि त्या वेळी ती पुरेशी ठरतील ना या विचाराने माझ्याही झोपा उडाल्या.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशी कार्डावर हे लिहून घ्या: औषधाचे नाव, दर चौरस मीटरला एकूण किती मिलिग्रॅम, तारखा, आणि आधीच्या व नंतरच्या टूडी इकोतले इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदयाच्या पंपिंगचा आकडा. त्याचा फोटो भावाच्या, तुमच्या आणि आणखी एका माणसाच्या फोनमध्ये ठेवा. ट्रान्सप्लांटआधी इको होईलच. ट्रान्सप्लांट झाला नाही तरी उपचार संपल्यावर वर्षभरात एकदा करा, पुढे किती वर्षांनी ते तिथले डॉक्टर ठरवतील. रक्तदाब सांभाळायला आणि तंबाखू सोडायला सांगा. आणि दहा वर्षांनी साध्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी भूल द्यायला कोणी डॉक्टर समोर आले, तरी त्याने आपण होऊन सांगायचे: मला डॉनोरुबिसिन मिळालेले आहे, १८०.